भेग ठेवायची की भरायची : पोताचं अमूर्त चित्र घरी घडवताना

जुन्या इमारतीची पाहणी करायला गेलेला आर्किटेक्ट भिंतीवरच्या तड्यावर काचेची एक बारीक पट्टी आडवी चिकटवतो आणि शेजारी तारीख लिहून येतो. महिना-दोन महिन्यांनी परत जायचं. काच शाबूत असेल तर तडा मेलेला. भरा, नाहीतर राहू द्या, इमारतीला काही होत नाही. काच तडकली असेल तर तडा जिवंत आहे आणि खाली काहीतरी अजून हलतंय.

चौदा वर्षं मी हे काम केलं. आता पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसून चुना, शाडू, मार्बल पावडर आणि गोणपाटाचे फलक करते. माझ्या चित्रांत भेगा असतात, उडालेले कोपरे असतात, थापीचे ओरखडे असतात. लोक विचारतात, "ताई, हे मुद्दाम केलंय की बिघडलंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या काचेच्या पट्टीत आहे. थांबलेला दोष मी ठेवते, चालू असलेला दोष ठेवत नाही. म्हणून माझ्या कामात पाया कमालीचा चोख असतो आणि मोकळीक सगळी वरच्या थराला असते. हल्ली बरेच जण उलटं करतात. कच्च्या प्लायवर काहीतरी थापतात, ते सुटायला लागलं की 'वाबी-साबी' म्हणतात, म्हणजे अपूर्णतेत सौंदर्य बघण्याची जपानी दृष्टी. जपानी माणसाला हे कळलं तर तो फार नम्रपणे नाराज होईल.

खाली २ फूट बाय २ फुटांचा एक फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा करायचा ते सांगते. चित्रकला येत नसली तरी चालेल. धीर मात्र लागेल, कारण यातले तीन-चार आठवडे नुसते वाट बघण्याचे आहेत.

आधी बघायला जा

सामान आणण्याआधी एक सकाळ पायी फिरण्यात घालवा. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचं लेणं आहे, आठव्या शतकातलं आणि अर्धवट राहिलेलं. आपण तिथे दर्शन घेऊन निघतो. यावेळी आतल्या भिंतींवरच्या छिन्नीच्या खुणा बघा. गुळगुळीत केलेला भाग कुठे संपतो आणि नुसता तासलेला दगड कुठे सुरू होतो, ती सीमा शोधा. अमूर्त चित्रात जे करायचं असतं ते बरंचसं त्या सीमेवर आहे.

मग पेठांमध्ये शिरा. एखादा वाडा पाडलेला असला की शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर त्याचा ठसा उरलेला दिसतो. जिन्याची तिरपी रेघ, कोनाडे, एका खोलीचा निळा ऑइलपेंट, वरच्या खोलीचा पोपटी, त्याखाली डोकावणारी पांढरी माती आणि विटा. अशा भिंती मी नोकरीत असताना फोटो काढून फाइलला लावायचे, 'शेजारच्या भिंतीची सद्यस्थिती' म्हणून. ती चित्रं आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

शेवटी कसब्यात तांबट आळी. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देतात त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि प्रत्येक खळग्यात उजेड वेगळा पडतो. खळगे एकसारखे दिसतात, पण जवळून बघितले तर एकही दुसऱ्यासारखा नसतो. हात सरावलेला असला की चूक किती छोटी आणि किती देखणी होते, ते तिथे कळतं.

बघितलेल्याचे फोटो काढून थांबू नका. वहीत पोस्टाच्या तिकिटाएवढ्या आकाराची दहा-बारा रेखाटनं करा. जड भाग कुठे, रिकामा भाग कुठे, खडबडीत आणि सपाट एकमेकांना कुठे भेटतात, एवढंच. त्यातलं एक निवडा. पहिल्या फलकात एकच घटना ठेवायची. एक मोठी भेग, किंवा एक उडालेला कोपरा, किंवा एक ओरखड्यांचा पट्टा. तिन्ही घातलेत तर हार्डवेअरच्या दुकानातला नमुन्यांचा बोर्ड तयार होईल.

फलक : इथे तडजोड नाही

कॅनव्हास विसरा. तो लवचीक असतो. त्यावर जाड थर दिला की बोटाच्या धक्क्यानेही मागून उखडतो. एमडीएफ स्वस्त आणि सपाट असतो, पण कडेने पाणी पिऊन फुगतो, आणि आपण तर त्यावर ओला लगदाच थापणार आहोत. १२ मिमीचा प्लाय घ्या. त्यावर आयएस ७१० हा शिक्का असला तर तो मरीन दर्जाचा, पाण्याला टिकणारा. आयएस ३०३ मध्ये पाण्याला तग धरणारा बीडब्ल्यूआर प्रकारही चालतो. ८ बाय ४ च्या एका शीटमधून २ बाय २ चे आठ तुकडे निघतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये कापून मिळतात. एकच हवा असेल तर सुताराकडे कटपीस विचारा.

मागच्या बाजूला कडेकडेने दीड बाय एक इंची लाकडी पट्टीची चौकट ठोका, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून. आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा टाळलं जाणारं काम. प्लायला पुढून जितके हात प्रायमर द्याल तितकेच मागून द्या, आणि कडांनाही. एकच बाजू बंद केली की दुसरी बाजू हवेतली ओल घेते-सोडते आणि फलक वाकतो.

हे मी भोगलंय. विकला गेलेला माझा पहिला मोठा फलक उघड्या प्लायवर सेंटिमीटरभर पीओपी ओतून केला होता. मार्चमध्ये तो देखणा होता. जुलैमध्ये घेणाऱ्या बाईंचा फोन आला, "ताई, तुमचं चित्र सोफ्यावर पडतंय." जाऊन बघितलं तर फलक होडीसारखा वाकलेला आणि मधला पोपडा हातभर सुटलेला. चौदा वर्षं लोकांना ओलीबद्दल सल्ले दिले होते, आणि स्वतःच्या चित्राच्या पाठीला एक हात लावायचं सुचलं नव्हतं. पैसे परत केले. तो फलक आजही माझ्या खोलीत दाराच्या मागे आहे.

प्रायमर वाळला की पुढची बाजू ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडा. साइटवर काँक्रीटवर गिलावा करण्याआधी टाचे मारतात, त्याचंच हे धाकटं भावंड. गुळगुळीत पृष्ठभागावर काहीही धरत नाही.

कापड

बांधकामात काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे गिलाव्याखाली कोंबडीजाळी ठोकतात, कारण दोन्ही वस्तू वेगवेगळ्या आकुंचन-प्रसरण पावतात. आपल्याकडे लाकूड आणि लगदा यांचं तेच नातं आहे. जाळीऐवजी गोणपाट घ्या, जाळीदार विणीचा. धुऊन, वाळवून, फलकापेक्षा दोन-दोन इंच मोठा कापा. धुतला नाही तर त्यातलं तेल गोंदाला धरू देत नाही.

प्लायवर ॲक्रिलिक बाइंडर (हाही एक गोंदच) किंवा लाकडाचा पांढरा गोंद थोडं पाणी घालून सढळ लावा, गोणपाट अंथरा, मधून कडेकडे दाबत न्या, वरून पुन्हा गोंद. कडा मागे वळवून स्टेपल करा. एक दिवस वाळू द्या. नंतर टिचक्या मारत सगळीकडे ऐका. भरीव आवाज आला पाहिजे. पोकळ वाजला तर तिथे चिरून पुन्हा चिकटवा. आत्ता पाच मिनिटांचं काम आहे, नंतर पूर्ण फलकाचं.

किती लगदा लागेल

आर्किटेक्टची एक सोपी युक्ती: चौरस मीटर गुणिले मिलिमीटर म्हणजे लिटर. २ बाय २ फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर. २ मिमीचा थर सगळीकडे द्यायचा तर पाऊण लिटर लगदा. त्याच्या एक तृतीयांश भागावर ६ मिमीचा जाड थर हवा असेल तर आणखी पाऊण लिटर. भुकटी आणि गोंद एकत्र केल्यावर आकारमान बेरजेपेक्षा कमी भरतं, कारण गोंद भुकटीच्या फटींत शिरतो. दोन वाट्या भुकटी आणि एक वाटी गोंद मिळून दोन-सव्वादोन वाट्याच लगदा होतो. तेवढं धरून चाला.

पहिला हात

एक वाटी ॲक्रिलिक बाइंडर, दोन वाट्या मार्बल पावडर, घट्ट श्रीखंडाइतकं होईल एवढं पाणी. मार्बल पावडर मिळाली नाही तर पांढरी रांगोळी चालते, तीही दगडाचीच भुकटी. फक्त पिठाच्या चाळणीने चाळून घ्या. कणांचा जाडेपणा कमी-जास्त करून दोन-तीन पोत मिळतात, तेव्हा चाळणीत वर राहिलेलं टाकू नका.

चाळताना आणि नंतर घासताना एन-९५ मास्क लावायचा. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद.

हा थर गवंड्याच्या गुरमाळ्याने किंवा लांबी (पुट्टी) भरायच्या पट्टीने २ मिमी ओढा. गोणपाटाची वीण जेमतेम झाकली गेली पाहिजे. थोडा ओला असतानाच खराट्याच्या काडीने आडव्यातिडव्या रेघा मारा, पुढच्या थराला पकड मिळते. आमच्या साइटवरचे मिस्त्री म्हणायचे, "मॅडम, खालचा हात कमजोर असला की वरचा कितीही घोटा, सुटणारच." गिलाव्याचा हा जुना नियम आहे. वरचा थर खालच्यापेक्षा कधीही जास्त कडक नसावा. कडक थर आकसताना खालच्या मऊ थराला उपटून काढतो. म्हणून या हातात गोंद जास्त, वरच्या हातात कमी.

पूर्ण वाळू द्या. हिवाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात पाच.

भेगेचा थर

आता मजा आहे.

इटलीचा अल्बेर्तो बुर्री डॉक्टर होता. दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला आणि टेक्सासच्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रं काढायला लागला. परतल्यावर डॉक्टरकी सोडली. १९७०च्या दशकात त्याने रंगद्रव्य आणि गोंदाचे जाड थर देऊन ते वाळताना तडकू दिले. त्या मालिकेचं नाव 'क्रेत्ती', म्हणजे भेगा. बघणाऱ्याला वाटतं आपोआप झालंय, पण कुठे थर जाड आणि कुठे पातळ हे त्याच्या हातात होतं. स्पेनमधल्या कॅटलोनियाचा आन्तोनी तापिएस वकिली शिकत होता. त्याने रंगात संगमरवराची भुकटी आणि वाळू मिसळून भिंतींसारखी चित्रं केली. आर्किटेक्ट एकटेच धंदा सोडतात असं नाही.

भेग पडते ती अशी. लगद्यातलं पाणी उडतं, थर आकसायला बघतो. खालची बाजू चिकटलेली असल्याने आकसू शकत नाही, वरची ताणली जाते आणि फाटते. उन्हाळ्यात खडकवासला धरणाच्या कडेचा गाळ वाळतो तेव्हा हेच होतं. तिथे जाऊन नीट बघा. गाळ जाड तिथे मोठ्या फरशा, पातळ तिथे बारीक जाळी. आपलाही हिशोब तोच. थर जाड केला की भेगा थोड्या, दूरदूर आणि रुंद. पातळ केला की बारीक आणि दाट. फार पातळ केला तर पडतच नाहीत.

माझं प्रमाण : शाडू माती तीन वाट्या, मार्बल पावडर एक वाटी, पांढरा गोंद एक वाटी, इडलीच्या पिठाइतकं सैल होईल एवढं पाणी. शाडू आदल्या रात्री भिजवून गाळून घ्या. गणपतीच्या आधी दोन महिने कुठेही मिळते, एरवी कुंभारवाड्यात विचारा. बारीक कणांची माती खूप आकसते, म्हणून ती. वाळू घातली की भेगा कमी होतात, तेव्हा जिथे भेग नको त्या भागाच्या लगद्यात मूठभर बारीक वाळू टाका. प्रत्येक शाडू वेगळी असते, तेव्हा हे प्रमाण आधी वीतभर प्लायवर करून बघाच. माझ्या कपाटात असे साठ-सत्तर तुकडे आहेत, मागे तारखेसकट.

पहिल्या हातावर पातळ गोंद मारा, तो चिकट झाला की निवडलेल्या भागावर ५-६ मिमी थर थापा. थराची कड एकदम उभी तोडू नका, उतरती ठेवा.

भेग हवी तिथेच पडावी यासाठीही साइटवरचीच युक्ती. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर आम्ही गिलाव्यात मुद्दाम एक बारीक खाच सोडतो. तडा पडायचाच असतो, तो खाचेत पडतो आणि दिसत नाही. ओल्या थरात सुरीने निम्म्या खोलीपर्यंत रेघ ओढा. पहिली भेग बहुधा तिथूनच जाईल. बहुधा. दहातल्या दोन वेळा ती शेजारून जाते, आणि खरं सांगायचं तर तेच दोन फलक मला जास्त आवडतात.

वाळवताना उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर तर नकोच. वरचा पापुद्रा आधी वाळला की तुकड्यांच्या कडा पापडासारख्या वर वळतात. सावलीत, आडवं, वर्तमानपत्राने झाकून. पहिल्या दिवशी काही दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली भेग येते, कधीकधी रात्री. या दिवसांत दर काही तासांनी फोटो काढून ठेवा. एक गोष्ट लक्षात येईल. मागाहून आलेली भेग आधीच्या भेगेपाशी पोचली की तिला काटकोनात भेटते आणि तिथेच थांबते. म्हणजे वाळलेल्या फलकावरून कोणती भेग आधीची, कोणती नंतरची हे वाचता येतं. बाजारात तयार 'जुन्या' चौकटी आणि फलक मिळतात, त्यांवरच्या रंगवलेल्या भेगा याच परीक्षेत नापास होतात. त्या एकमेकींना ओलांडून जातात, जणू एकमेकींना दिसल्याच नाहीत.

चुना, ज्यांना धीर आहे त्यांच्यासाठी

वाड्यांच्या भिंतींवरचा नीरूचा, म्हणजे चुन्याचा शेवटचा गुळगुळीत हात ज्यांनी हाताने चाचपलाय त्यांना चुन्याचा मोह होणारच. जुने लोक घाणीत (चुना दळायच्या चक्कीत) मळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळ असलं काय काय घालायचे. घरी तेवढं करायची गरज नाही. चुनकळी, म्हणजे न विरवलेला भाजका चुना, आणून पाणी ओतण्याचा उद्योग तर अजिबात करू नका. ती उकळते, उडते, डोळा जाऊ शकतो. तयार विरलेला चुना आणा, पाण्याखाली झाकून महिनाभर मुरू द्या, मग एक भाग चुन्याला अडीच भाग चाळलेली वाळू. हातमोजे आणि चष्मा लागतोच.

चुना वाळून कडक होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि त्यासाठी थोडी ओल लागते. म्हणून एप्रिल-मेच्या पुण्यात चुन्याचा थर दोन दिवसांत कोरडा होतो आणि बोटाला भुसभुशीत लागतो. आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा, वर ओलसर कापड. मी चुन्याचं काम ऑक्टोबर ते जानेवारीत करते. ३ मिमीपेक्षा जाड थर एकदम देऊ नका, आणि खाली गोणपाट उघडा असू द्या. चुन्याला गोंदाच्या गुळगुळीत थरावर पकड मिळत नाही. थर थोडा कडक झाला की गुळगुळीत गोट्याने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटा. घोटलेला आणि न घोटलेला भाग शेजारी शेजारी ठेवा. रंगाशिवाय चित्र होतं.

पीओपीबद्दल दोनच शब्द. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही. आणि एकदा आळायला लागलं की पाणी घालून पुन्हा सैल करायचं नाही, त्यात जीव राहत नाही. पीओपी आणि सिमेंट कधीही एकत्र करू नका, ओल मिळाली की दोघांची क्रिया होऊन थर फुगतो. हात पीओपीत बुडवून ठेवण्याचे खेळ लहान मुलांना करू देऊ नका, आळताना ते चटका बसण्याइतकं तापतं.

आणि काहीही बेसिनमध्ये धुऊ नका. बादलीत धुवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांऐवजी मोरीत ओता, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांची आणि माझी ओळख तुंबलेल्या पाइपामुळेच झाली.

खुणा

थर अर्धवट ओला असताना जे काही कराल ते कायमचं राहतं. किसणी, काथ्या, सुपाची वीण, जुनं सुती धोतर दाबून उचललेलं, बोटं. बोटांवरून आठवलं. सारवलेल्या जमिनीवर बायकांच्या बोटांचे अर्धगोल उमटायचे. ते कुणी पुसत नसे आणि मुद्दाम काढतही नसे, हाताची लांबी जितकी तितका अर्धगोल. खूण अशी यावी. हाताला, अवजाराला जितकं जमतं तितकीच. एकाच भागावर चार अवजारं चालवलीत की त्यातलं एकही दिसत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंग चढवायचे आणि काढायचे. आपल्या कामाला 'अमूर्त' म्हणणंही त्यांना पटत नसे. काढून घेणं ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. लावलेल्या थरापैकी थोडा थर अर्धवट वाळल्यावर खरवडून काढा, खालचा पहिला हात दिसू द्या. पाडलेल्या वाड्याच्या शेजारच्या भिंतीवर जे दिसतं ते काढून घेतल्यानेच दिसतं.

तीन परीक्षा

आठ-दहा दिवसांनी फलक पूर्ण वाळला की कुठला दोष ठेवायचा हे ठरवायचं. आधी देखणेपणाचा विचार बाजूला ठेवून तीन गोष्टी करा.

बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून ऐका. पोकळ वाजलेल्या जागेभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढा.

साधी चिकटपट्टी दाबून लावा आणि झटकन ओढा. थोडी धूळ आली तर चालेल. कण किंवा तुकडे आले तर थर भुसभुशीत आहे. पाणी घालून पातळ केलेला बाइंडर फवारून मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा.

मोठ्या भेगांवर टिश्यूपेपरची बारीक पट्टी, दोन्ही टोकांना गोंद लावून, आडवी चिकटवा. काचेचं काम इथे हा कागद करतो. आठवडाभर फलक उभा ठेवा, शक्य असेल तर एक दिवस न्हाणीघराच्या दारापाशी, एक दिवस खिडकीत. कागद फाटला तर भेग जिवंत आहे.

पोकळ जागेवर आणि जिवंत भेगेवर उपचार एकच. १० मिलीच्या सिरिंजने निम्मं पाणी घातलेला बाइंडर थराच्या मागे सोडा, वर बटरपेपर, त्यावर पुस्तकं, एक रात्र. सुटू पाहणारी कड पुन्हा बसते आणि भेग मात्र भेगच राहते. लांबी भरून ती बुजवू नका. बुजवलेली भेग लपत नाही, ती बुजवलेली भेग दिसते.

या तिन्हींत पास झालेला दोष सुरक्षित आहे. तो चांगला दिसतो का, हे त्याच दिवशी ठरवू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक दोष डोळ्यात खुपतो, कारण मनातलं चित्र अजून ताजं असतं. फलक भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवा. मग उलटा, म्हणजे डोकं खाली करून बघा. त्यानंतरही खुपला तर खरवडा.

आर्किटेक्ट म्हणून मला हे सगळ्यात जड गेलं. ड्रॉइंगवर १० मिमीची चूक म्हणजे साइटवर भांडण. माझा हात अजूनही रेघ सरळ करायला धावतो. त्यावर उपाय म्हणून मी मोठी कामं डाव्या हाताने थापते. ज्यांना हा रोग नाही त्यांनी करू नये.

रंग

कमी. एखादा खनिज रंग आणि काजळी एवढ्यावर पहिला फलक करा. गेरू, पिवळी माती, लोखंडाच्या ऑक्साइडचे तांबडे-तपकिरी रंग उन्हात टिकतात आणि चुन्यालाही दाद देत नाहीत. हळदीचा मोह आवरा. ती उन्हात काही आठवड्यांत उडते, आणि चुन्यावर लावलीत तर लाल होते. कुंकू त्याच क्रियेने करतात. प्रशियन ब्लू चुन्यावर टिकत नाही.

रंग पाण्यासारखा पातळ करून सगळीकडे लावा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. खळग्यात आणि भेगेत राहतो, उंचवट्यावरून निघून जातो. दोन-तीनदा करा. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश फक्त उंच कडांवरून फिरवा. भेगेत काळा रंग कोरून भरू नका, तिची सावली काळीच असते.

उजेड

पोताचं अर्धं काम दिवा करतो. १ मिमी उंचीच्या कडेवर ४५ अंशांतून उजेड पडला तर सावली १ मिमी. तोच उजेड भिंतीला जवळजवळ चाटून, १० अंशांत आला तर सावली साडेपाच मिमीहून लांब. म्हणून समोरून फोकस मारू नका. भिंतीलगत वरून येणारा दिवा किंवा बाजूची खिडकी हवी. फलक अर्धवट असतानाही तो कुठे लागणार त्या जागी संध्याकाळी नेऊन बघा. टेबलावर जे नाट्यमय वाटतं ते भिंतीवर गायब होतं, आणि उलटही.

शेवटचे हात आणि टांगणं

मॅट ॲक्रिलिक वॉर्निश, पातळ, दोन हात, मागच्या बाजूलाही. चकचकीत वॉर्निशने सगळा पोत प्लास्टिक दिसतो. चुन्याच्या फलकाला वॉर्निश न देता महिन्याभराने थोडं मेण चोळलं तर पुरे.

थरासकट हा फलक साधारण सात किलो भरतो. ४ बाय ३ चा केलात तर वीसच्या आसपास. एका खिळ्याचा भरवसा नको. ४५ अंशांत तिरकी कापलेली लाकडी पट्टी, अर्धी भिंतीवर स्क्रूने, अर्धी चौकटीला. एकीवर दुसरी अडकते. मागे चारही कोपऱ्यांना रबराचे बूच लावा म्हणजे भिंतीपासून अर्धा इंच अंतर राहतं. पुण्याच्या पावसाळ्यात ही हवा खेळली नाही तर सप्टेंबरमध्ये मागे बुरशी दिसते. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा.

पाठीवर पेन्सिलीने तारीख, प्रत्येक थराचं प्रमाण आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन ते लिहा. दोन वर्षांनी दुरुस्ती करायची वेळ आली तर ही एकच कागदपत्रं असतात.

नेण्याबद्दल राहिलंच. बबलरॅप थेट पुढच्या बाजूला गुंडाळू नका, उंच कडा त्यात अडकून तुटतात. चारही कोपऱ्यांवर थर्माकोलचे ठोकळे, त्यावर पुठ्ठा, मग बाहेरून रॅप. २ बाय २ चा फलक रिक्षात मागच्या सीटवर उभा, पाठ सीटला टेकवून बसतो, आणि शेजारी तुम्हीही बसता. स्पीडब्रेकर आला की एक हात त्याच्या छातीवर ठेवा. ४ बाय ३ ला टेम्पोच सांगा.